रजिस्टरातलं माहेरचं नाव

२०२४ चा जुलै महिना आठवतो ना, मैत्रिणींनो? 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे अर्ज सुरू झाले आणि आमच्या उचगावात घरोघरच्या ट्रंका, कपाटांचे वरचे कप्पे, गादीखालच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या एकदम उघडल्या. अधिवास दाखला नसेल तर पंधरा वर्षांपूर्वीचं रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, यांपैकी काहीही चालेल, असं शासनानं जाहीर केलं. आता रेशन कार्ड सासऱ्यांच्या नावावर, त्यात सुनेचं नाव मागाहून घातलेलं. मतदार कार्ड नवं करून घेतलेलं, जुनं कुठं गेलं पत्ता नाही. जन्माची नोंद तर कित्येकींची झालेलीच नाही. मग राहिला शाळेचा दाखला. तो कुठं आहे? माहेरी. माहेरी कुठं? ते आईला माहीत होतं, आणि आई आता नाही.

त्या दिवसांत मी आमच्या गटातल्या बायकांचे अर्ज भरून द्यायला बसत होते. एकीला विचारलं, "काकू, तुमच्या शाळेचं नाव काय?" पन्नाशीच्या पुढची बाई. तिनं डोळे मिटले. "थांबा हं वहिनी... मारुतीच्या देवळाच्या मागं होती बघा. घंटा म्हंजे रुळाचा तुकडा टांगलेला. गुरुजी सायकलवरनं यायचे, सायकल आमी पोरी पुसायचो." शाळेचं नाव काही आठवलं नाही, पण रुळाच्या तुकड्याचा आवाज कसा यायचा तो तिनं तोंडानं काढून दाखवला. रांगेतल्या सगळ्या हसल्या आणि मग एकेक जण आपापल्या शाळेबद्दल बोलायला लागली. अर्ज बाजूलाच राहिले.

आमचं उचगाव म्हणजे करवीर तालुक्यातलं, पुणे-बंगळूर महामार्गाला लागून असलेलं गाव. एका अंगाला गांधीनगरचा कापडबाजार, दुसरीकडे गोकुळ शिरगावची एमआयडीसी. नोकरीधंद्यासाठी आलेली माणसं इथंच प्लॉट घेऊन राहिली. त्यामुळे आमच्या गल्लीत सुना राधानगरीच्या आहेत, भुदरगडच्या आहेत, शिरोळच्या आहेत, निपाणी-चिकोडीकडच्याही आहेत. राज्याबाहेर जन्मलेल्या सुनांना नवऱ्याची कागदपत्रं चालली, म्हणून निपाणीकडच्या एकीचं काम पटकन झालं. ती जाताना म्हणाली, "बरं झालं, खेटं वाचलं. पर माझ्या शाळंचं नाव लिवायचं ऱ्हायलंच की."

त्याच दिवसांत शेजारच्या एकीबरोबर मी तिच्या माहेरच्या शाळेत गेले. नवऱ्याला सुट्टी नव्हती आणि एकटी जायला ती कचरत होती. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, दर दिवाळीला माहेरी जाते, शाळा माहेरच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, पण त्या फाटकातून ती आत कधी गेलेली नव्हती. "कशाला जायचं? काय काम?" असं तिचं म्हणणं.

लेखनिकानं जनरल रजिस्टर काढलं. तुम्ही कधी बघितलंय का हे रजिस्टर? लांबलचक वही, आडवे रकाने. अनुक्रमांक, नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण आणि शेवटी शेरा. ओळीवर बोट ठेवून तिनं स्वतःच वाचायला सुरुवात केली. प्रगती चांगली, वर्तणूक चांगली. सातवीतून शाळा सोडली. कारणाच्या रकान्यात होतं, 'पालकांच्या विनंतीवरून'.

ती जरा वेळ थांबली आणि म्हणाली, "माझी इनंती कुणी इचारलीच न्हाई की."

दाखल्याची दुय्यम प्रत मिळाली. निघताना मुख्याध्यापक म्हणाले, "ताई, चहा घेऊन जा. तुम्ही आमच्या माजी विद्यार्थिनी." तिनं मागं वळून बघितलं, आणखी कोण आलंय म्हणून.

येताना एसटीत मी गप्पच होते. कारण माझ्या स्वतःच्या शाळेचा एक राग माझ्या मनात दोन वर्षं बसलेला होता.

आमची १९९६ ची दहावीची तुकडी. २०२२ च्या मे महिन्यात त्या तुकडीचा 'माजी विद्यार्थी स्नेहमेळावा' झाला आणि मला तो झाल्यावर कळला, तोही भाच्याच्या मोबाईलवरचे फोटो बघून. फेटे बांधलेले आमचे वर्गमित्र, शाल-श्रीफळ घेतलेले गुरुजन, मागं मोठा फलक. वर्गात मुली होत्या एकोणीस. फोटोत दोन, त्याही गावातच दिलेल्या. निमंत्रणाचं कार्ड माझ्या माहेरी आलं होतं म्हणे, टीव्हीवर पडून राहिलं. मी तावातावानं संयोजकाला, म्हणजे माझ्याच बाकाच्या मागं बसणाऱ्या मुलाला, फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "अगं, चिडू नकोस. आम्हा पोरांचं नाव रजिस्टरात आहे तेच मतदार यादीत आहे, तेच दुकानाच्या पाटीवर आहे. तुमची नावं बदलली, आडनावं बदलली, गावं बदलली. शोधायचं कुठं तुम्हाला?"

राग आला, पण उत्तर सुचेना. कारण खरंच होतं ते. आमच्याकडे तर अजूनही काही घरांत लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवीन नाव लिहितात. पहिलं नाव गेलं, वडिलांचं गेलं, आडनाव गेलं. शाळेच्या रजिस्टरात मात्र शाळा सोडतानाचं नाव तसंच राहतं. म्हणजे शाळेजवळ जी मुलगी आहे ती जगात नाही, आणि जगात जी बाई आहे ती शाळेला माहीत नाही.

हे काही आजचं नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू केलं. तिथं दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी कोण, तर गोदूबाई. माहेरच्या जोशी, सासरच्या नातू. पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. सगळ्यांच्या बाया कर्वे त्या याच. 'माझे पुराण' हे आत्मचरित्र त्यांनी लिहिलं म्हणून आपल्याला हा धागा सापडतो. ज्यांनी काही लिहिलं नाही त्या गोदूबाया किती हरवल्या असतील, कोण मोजणार?

शाळेशी नातं ठेवलेल्या माणसांनी किती मोठं काम उभं केलंय, हे आपल्या भागाला सांगायला नको. कर्मवीर भाऊराव पाटील आमच्या जिल्ह्यातल्या कुंभोजचे. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले इथं त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्या हाताखाली शिकलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील विलायतेहून परत आले ते रयतेतच, आणि पुढे आमच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. प्रा. एन. डी. पाटील रयतमध्येच 'कमवा आणि शिका' योजनेचे प्रमुख होते आणि पुढे बरीच वर्षं त्याच संस्थेचे चेअरमन होते. ही नावं भाषणात ऐकताना ऊर भरून येतो. त्याच भाषणात बाईचं नाव येतं ते लक्ष्मीबाईंचं. बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी त्यांनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. ते मोठंच आहे. पण मला आपलं वाटत राहतं, शिकून परत आलेल्या मुलींचीही नावं त्या भाषणात यावीत. त्या शिकल्या नाहीत असं नाही, त्यांना परत बोलवायला कुणाजवळ पत्ता नव्हता.

असो. तर लाडक्या बहिणीच्या दाखल्यांच्या गर्दीनंच आम्हाला वाट दाखवली.

ऑगस्टमध्ये मी माझ्या शाळेत गेले, तेव्हा तिथले लेखनिक सांगत होते की उभ्या हयातीत इतके दुय्यम दाखले त्यांनी काढले नव्हते. त्याआधी २०२३ च्या शेवटापासून कुणबी नोंदी शोधायला लोक येत होते. बाईची जात माहेरची धरतात, त्यामुळे लेकींनाही वडिलांचा, आजोबांचा दाखला शोधत माहेरच्या शाळेत यावं लागलं होतं. आणि आता ही योजना. माझ्या एकदम डोक्यात आलं. दुय्यम दाखल्याच्या अर्जावर काय असतं? वर रजिस्टरातलं नाव, म्हणजे माहेरचं. खाली सही करणारीचं आजचं नाव, गाव आणि मोबाईल नंबर. गेली अनेक वर्षं जे एकत्र नव्हतं ते त्या फाईलमध्ये एकाच कागदावर आलेलं होतं!

मी फाईल मागितली. लेखनिकांनी दिली नाही, आणि बरोबरच केलं. कुणाचे नंबर असे परस्पर द्यायचे नसतात. घरची परिस्थिती कशी, नवऱ्याचा स्वभाव कसा, आपल्याला काय माहीत? मग मुख्याध्यापकांच्या परवानगीनं त्यांनी स्वतः फोन केले. "तुमच्या वर्गातल्या मुली एकत्र येतायत, तुमचा नंबर देऊ का?" ज्या 'हो' म्हणाल्या त्यांचे नंबर मला मिळाले. पाच जणी.

बाकीच्या माहेरच्या वाटेनं सापडल्या. पुरुष शोधतात ते मित्राला विचारून. बाईचा पत्ता लागतो तो तिच्या वहिनीकडून, मावशीकडून, बांगड्या भरणाऱ्या कासारणीकडून. माझ्या आईनं नागपंचमीला आलेल्या लेकींना विचारलं, गौरीला आलेल्यांना विचारलं. एकीचा ठावठिकाणा रेशन दुकानात लागला. एक तर दहावीच्या परीक्षेत माझ्या पुढच्याच नंबरावर होती आणि ती कुठं सापडावी? उचगावात! आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे तीन वर्षांपूर्वी राहायला आलेली. एकाच गिरणीत आम्ही दळण टाकत होतो. गिरणीवाला तिला ज्या नावानं हाक मारायचा ते नाव मी शाळेत कधी ऐकलेलंच नव्हतं, आणि अंगानं दोघीही चांगल्याच सुधारलेल्या. मी तिला शाळेतल्या नावानं हाक मारली तर हातातला डबा तसाच धरून उभी राहिली. म्हणाली, "ह्या नावानं बोलवायला आता आईबी ऱ्हायली न्हाई गं."

मेळावे कधी ठेवतात ते बघा. सव्वीस जानेवारी, नाहीतर मे महिन्यातल्या लग्नसराईत, आणि वेळ संध्याकाळी सहाची, मग जेवण. कोणती बाई येणार? सहाला म्हशीच्या धारा, डेअरीला दूध घालणं, मग चूल. जेवणाला नऊ वाजले तर परत कोण पोचवणार? आम्ही भाऊबिजेचा दुसरा दिवस धरला, दुपारी बारा ते चार. त्या दिवशी लेकी माहेरी असतातच, वेगळी परवानगी नको, वेगळं भाडं नको. शाळेला दिवाळीची सुट्टी होती, मुख्याध्यापकांनी किल्ली दिली. तेरा जणींचा पत्ता लागला होता, नऊ आल्या. जेवण कुणी कुणाला करायला लावलं नाही, प्रत्येकीनं फराळाचा डबा आणला. माझ्या चकल्या मऊ पडल्या होत्या, तरी संपल्या.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. २०२२ च्या मेळाव्यात मुलग्यांनी शाळेला प्रोजेक्टर दिला. चांगलं केलं, मुलं त्यावर बघतात. आम्ही नऊ जणी आत शिरल्यावर न ठरवता पहिल्यांदा कुठं गेलो, तर मुलींच्या स्वच्छतागृहाकडे. दाराला आतून कडी नाही. पाण्याला बादली नाही. ओढणी, दप्तर अडकवायला खिळा नाही. वापरलेले पॅड टाकायला काही नाही. आमच्या वेळी होतं तसंच जवळजवळ. आम्ही एकमेकींकडे बघितलं. शाळेत असताना दुपारनंतर पाणीच प्यायचं नाही, हे आम्ही सगळ्याच करत होतो आणि कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. त्याच आठवड्यात दोन कड्या, बादल्या, झाकणाचा डबा आणि खिळे आले. त्या खर्चाची पाटी काही आम्ही लावली नाही. लावायची कुठं, दारावर?

आमच्यातली एक प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स आहे. सुट्टी संपल्यावर ती आठवी-नववीच्या मुलींशी बोलायला गेली. तिथं तिला कळलं, नववीतली एक मुलगी गणपतीपासून वर्गात नाही, घरी स्थळं बघतायत. दाखल्याचा अर्जही आलेला. कारण? तेच. पालकांच्या विनंतीवरून.

आम्ही तिघी गेलो त्या घरी. भाषण दिलं नाही, पोलिसांची भीती घातली नाही. अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहे हे नर्सबाईंनी एकदाच सांगितलं, तेही चहा पिता पिता. उरलेला वेळ बोलली ती आमच्यातली तिसरी, जिची शाळा घरच्यांनी दहावीच्या निकालाआधीच बंद केली होती. "मावशी, मी पास झालेली मला दोन वर्षांनी कळलं," एवढंच ती म्हणाली. मुलीची आई काही बोलली नाही, पदराला हात पुसत राहिली. आठ दिवसांनी मुलगी शाळेत आली. २०२५ च्या जूनमध्ये दहावीच्या वर्गात बसली. बाहेरगावच्या मोठ्या पाहुण्यानं सांगितलं असतं तर ऐकलं असतं की नाही कोण जाणे. आम्ही त्याच गावच्या लेकी होतो, त्याच बाकावर बसलेल्या, म्हणून दारातून आत तरी घेतलं.

आता मुलग्यांचा गट आणि आम्ही मिळून संघ नोंदवायचं चाललंय. ज्यांच्या गावी असा विचार आहे त्यांच्यासाठी सांगते, संस्था नोंदवायला निदान सात सभासद लागतात आणि काम धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होतं. नोंदणी होईपर्यंत मोठी रक्कम गोळा करू नका. झाल्यावर बँकेत खातं काढा, पैसे काढायला दोघांच्या सह्या ठेवा, त्यातली एक बाईची असू द्या. दहा रुपयांचीसुद्धा पावती फाडा. पैशावरनं मोडलेली मंडळं आपण सगळ्यांनीच बघितली आहेत. आमच्यात थोडी कुरकुर झालीच. दोन पदाधिकारी बायका घ्यायच्या म्हटल्यावर एकानं 'उपाध्यक्षपद देऊया की ताईंना' असं सुचवलं. आम्ही खजिनदारपद मागितलं. अजून ठरायचं आहे.

सर्वात मोठा वाद झाला तो नावावरून. सभासद नोंदीच्या वहीत बायकांचं नाव कसं लिहायचं? आधारवर आहे तसं, की रजिस्टरात आहे तसं? शेवटी दोन रकाने केले, 'शाळेतलं नाव' आणि 'आजचं नाव'. दोन्ही रकाने मुलग्यांनाही ठेवले. त्यांनी दोन्हीकडे तेच लिहिलं आणि लिहिताना जरा हसले. पदवीपर्यंत गेलेल्या मैत्रिणींनो, तुमचंही हेच आहे. विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधर मतदानानं दहा प्रतिनिधी निवडून देतात, त्यात एक जागा महिलेसाठी राखीव असते. पण आपण नोंदणीच करत नाही. पदवीवर माहेरचं नाव, हातात सासरचं आधार, आणि मधला लग्नाच्या नोंदणीचा कागद सापडत नाही म्हणून विषय संपतो. माझी बी. ए.ची पदवी लग्नात भेट आलेल्या भांड्यांच्या खोक्यात होती. ती काढली आहे, नोंदणीचा अर्ज भरायचा आहे.

एक अडचण सुटलेली नाही. बाईला शाळा दोन असतात. एक तिची, एक तिच्या मुलांची. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक लागतात आणि निम्म्या महिला. म्हणजे उचगावात मी बसू शकते ती माझ्या मुलांच्या शाळेच्या समितीवर, आणि माझ्या शाळेच्या समितीवर बसणार ती तिथल्या सुना. त्या सुनांची शाळा आणखी कुठंतरी तिसरीकडे. आमच्या गटात आता हे सुरू केलंय की आपापल्या माहेरच्या शाळेत वर्षातून एकदा तरी जाऊन यायचं आणि काय बघितलं ते गटाच्या बैठकीत सांगायचं. सायकलवाल्या गुरुजींच्या शाळेतल्या काकू जाऊन आल्या. रुळाचा तुकडा अजून तिथंच आहे. त्यांनी शिपायाला विचारून एक टोला दिला, तर मधली सुट्टी झाली समजून पोरं बाहेर पळाली!

आमच्या एकोणीसमधल्या सहा जणी अजून सापडायच्या आहेत. दोघींची माहेरची घरंच उठून गेली, भाऊ कुठं गेले ते गावात कुणाला माहीत नाही. एक मुंबईकडे दिली होती असं म्हणतात. एक वारली, असं एक जण म्हणतो आणि दुसरा म्हणतो, नाही, ती हुपरीला चांदीच्या कामाला जाते. येत्या म्हाईला मी माहेरी जाणार आहे, तेव्हा हुपरीची चौकशी करून येते.